अंडरकट ठेवलाय

ये गो शानू, जवळ बस जरा. लांबून बोललेलं मला आता ऐकू येत नाही, आणि तुला तर जवळून बोललेलंही कधी नीट ऐकू आलं नाही. लहानपणी हे काय, ते काय, मुंगी कुठे चालली, भरतीचं पाणी कोण ओततं, असं विचारून विचारून आईचं डोकं खायचीस. स्वयंपाकघरात तिच्या पायात पायात असायचीस. आणि आता ती मातीआड गेल्यावर मला फोन करून विचारतेस, "फुफू, अंडरकट म्हणजे काय गं?" एवढं एकच विचारायचं राहिलं होतं होय तुझं? असो. रागावत नाही. रागवायला आवाज लागतो, आणि माझा आवाज ती गेली त्या गुरुवारपासून नीट लागलेला नाही.

हे छापून येणार आहे, तेव्हा वाचणाऱ्यांना सांगायला हवं. शानू ही माझी भाची, माझ्या धाकट्या भावाची, कासमची, एकुलती एक मुलगी; कासम मागेच वारला. शारजाला नोकरी करते. तिची आई हमीदा, म्हणजे माझी भावजय, काही आठवड्यांपूर्वी गेली. आम्ही रत्नागिरीतली राजिवड्याची माणसं, खाडीकाठची, पिढ्यान् पिढ्या जहाजावर जाणारी. आणि शानूने विचारलेला शब्द हा खाटकाच्या दुकानातला आहे, मोठ्याच्या, म्हणजे बैला-म्हशीच्या, मटणातला. ज्यांना तो विषय नको असेल त्यांनी खुशाल पान उलटावं, माझा काही राग नाही. मीही कितीतरी पानं उलटतेच की. पण शानूला उत्तर द्यायचं आहे, आणि ते मला फोनवर देता आलं नाही. म्हणून लिहितेय.

त्या सकाळी मी दारात कोळणीशी हुज्जत घालत होते. मुडदुशे बरे दिसत होते, पण ती भाव सोडत नव्हती. तेवढ्यात हमीदा समोरून आली, हातात काळी पिशवी. "आपा, दुपारी जेवायला ये. सांदणं करतेय." मी म्हटलं, "आज काय गो, ना ईद ना काय?" तर म्हणाली, "ये तर." आणि हसून गेली. तिचं ते हसणं कसं होतं सांगू... एखादी मुलगी काहीतरी लपवून घरात शिरते ना, तसं. सत्तरीला टेकलेल्या बाईचं हसणं. मी मुडदुशे घेतले, साफ करायला बसले, आणि हमीदाच्या शेजारची रझिया धावत आली. पायात चप्पल नव्हती तिच्या. "आपा, भाभी उठत नाय." एवढंच. मी विचारलं, उठत नाय म्हणजे? आत्ताच तर गेली ना ती इथून?

मी माशाच्या हातांनीच धावले. दोन गल्ल्यांचं अंतर, पण ते मला अजून संपल्यासारखं वाटत नाही. हमीदा स्वयंपाकघरात त्या बुटक्या खुर्चीवर बसली होती, पाठ भिंतीला टेकलेली, मान जरा कलती. मांडीवर ओढणीचं टोक, त्याला ओले हात पुसलेले. सांदणाचे तांदूळ पातेल्यात भिजत होते. ओट्यावर फळी धुऊन उभी करून ठेवलेली आणि शेजारी बाबांचा, तुझ्या आजोबांचा, तो पातळ पात्याचा चाकू. चाकूवरून अजून पाणी ठिबकत होतं. मी त्या चाकूकडेच बघत राहिले. मला वाटलं, चाकू ओला आहे, म्हणजे ही काही गेलेली नाही, एवढ्यात कुठे जाणार... डॉक्टर आले, हृदय म्हणाले. त्यांनी आणखीही काही सांगितलं, मला आठवत नाही. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजापर्यंत सगळं आटोपलंही. आमच्यात उशीर करत नाहीत. तुला विमान मिळण्याआधीच तुझी आई कबरीत निजलीसुद्धा होती, आणि मग तू आलीच नाहीस. आणि माझ्या घरी ताटात मुडदुशे तसेच अर्धवट साफ केलेले. अजून, शानू, अजून मला सकाळी जाग आली की पहिल्यांदा वाटतं, हमीदाला विचारावं, काल काय झालं गो तुला?

मग गेल्या आठवड्यात तुझा फोन आला. आवाज अगदी ऑफिसातला. "फुफू, आता मी येऊन काय करू? घर बंद करून टाकूया. फ्रीज रिकामा कर, स्विच काढ, चावी तुझ्याकडे ठेव." मी बरं म्हटलं. मग हळूच म्हणालीस, "ती माझ्यावर रागावूनच गेली, फुफू. त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, तर कशी आहेस नाही, काही नाही. नुसतं म्हणाली, अंडरकट ठेवलाय. मी मीटिंगमध्ये होते. नंतर करते म्हटलं. तिने हं म्हटलं आणि ठेवला. अंडरकट म्हणजे काय गं?"

आता ऐक. सगळं पहिल्यापासून सांगते, मध्ये बोलू नको.

तुझे आजोबा, आमचे बाबा, जहाजावर भंडारी होते. भंडारी म्हणजे आपल्या मांडवीकडचे भंडारी नव्हेत, ती जात. जहाजावर खलाशांचा स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणत. जहाजं गोऱ्यांच्या कंपनीची. साहेबांचं स्वयंपाकघर वेगळं, खलाशांचं वेगळं. बाबांनी खलाशांच्या डाळभातापासून सुरुवात केली आणि हात चांगला म्हणून पुढे साहेबांच्या स्वयंपाकघरात, म्हणजे गॅलीत, घेतले गेले. तिथे त्यांनी हा शब्द ऐकला. बैलाचं अर्धं धड टांगलेलं असे, त्यातून कंबरेचा भाग हाडासकट काढून अख्खा भाजत. टेबलावर तो तसाच जायचा. कप्तान स्वतः सुरी घेऊन आधी वरचं मांस कापून वाढी, आणि मग तो तुकडा उलटा करून हाडाच्या खालचं. ते खालचं म्हणजे अंडरकट. अंडर म्हणजे खाली आणि कट म्हणजे काप. बाबांनी एवढाच अर्थ सांगितला होता. मी शाळेत नावापुरती गेले, अक्षर शिकले ते कासमच्या पाटीवर, पण मला शब्दांची हाव फार. पुढे एका मास्तरांकडून इंग्रजी कोशात बघून घेतलं, तर बाबांचं बरोबर होतं. कण्याच्या आतल्या बाजूला, कंबरेखाली, दोन्हीकडे एक-एक पट्टी असते. मुळ्यासारखी, एका टोकाला जाड आणि दुसरीकडे निमुळती. ना हाड, ना चरबी, ना शीर. जनावर चालतं ते पायांनी, ओढतं ते खांद्याने. ही पट्टी बिचारी नुसती आत निजलेली असते, तिला काम नाही, म्हणून ती मऊ. बोटाने तुटते.

बाबा सांगायचे, जहाज बंदराला लागायचं असलं की बंदरातून वाट दाखवणारा माणूस होडीतून येऊन वर चढतो. त्याच्यासाठी आणि कप्तानाकडे येणाऱ्या पाहुण्यासाठी अंडरकट राखून ठेवायचा, हा गॅलीचा नियम. कप्तानाने स्वतः खाल्ला नाही तरी चालेल, पण येणाऱ्याच्या ताटात तो हवा. खलाशांच्या वाट्याला तो येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना मानेचं, नळीचं, जे तासन् तास शिजवावं लागतं ते. बाबांनी वर्षानुवर्षं तो कापला, भाजला, आणि चव फक्त बोटाला लागलेली.

मग एकदा सुट्टीवर आले ते आपल्या खाटकाकडे गेले. आपल्याकडे तेव्हा कोण कुठला भाग वेगळा काढतोय? सुरा उचलायचा आणि सगळ्याच्या बोट्या करायच्या. बाबांनी त्याच्या हातातला सुरा खाली ठेवायला लावला, स्वतःचा पातळ चाकू काढला आणि कण्याच्या आत हात घालून ती पट्टी अख्खी सोडवली. खाटीक म्हणाला, "दादा, ह्या काय काढलास? ह्याचा नाव काय?" बाबा म्हणाले, "अंडरकट." तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला. मुंबईतही खाटीक हाच शब्द वापरतात म्हणे, तिथे तो आणखी कुणीतरी आणला असेल. पण आपल्या मोहल्ल्यात तो बाबांच्या तोंडून आला, हे मी बघितलेलं आहे. मी परकरात होते, पिशवी धरून उभी.

घरी येऊन बाबांनी आमच्या दादीला सांगितलं, की ह्या घरात हा काप सालनात, रश्श्यात, जाणार नाही. ह्या घरात जो दर्या ओलांडून येईल, त्याचा तो. आला त्या दिवशी, पहिल्या जेवणाला. मग तो खलाशी असो, खलाशांवरचा सारंग असो, नाहीतर मार खाऊन आलेला असो. दादीने विचारलं, "आणि आला नाय तर?" त्या काळी जहाजाचा काय भरवसा. तार येई एक, माणूस उतरे भलत्याच दिवशी. फ्रीज तर कुणी पाहिलेलाही नव्हता. बाबा म्हणाले, "मीठ-सिरक्यात एक-दोन दिवस राहील. नाय आला तर शेजारच्या म्हाताऱ्याला दे, त्याला दात नाहीत. आणि परत आण. शिळा होऊ द्यायचा नाय, आणि ठेवायचा थांबायचा नाय."

असा तो नियम झाला. आमच्या बायकांच्या बोलण्यातसुद्धा तो शिरला. कुणाची वाट बघतोय असं म्हणायचं नाही. वाट बघणं बोलून दाखवलं की नजर लागते, अशी आमची समजूत. म्हणायचं, अंडरकट ठेवलाय. ज्याला कळायचं त्याला कळे.

तुझी आई ह्या घरात आली तेव्हा तिला ह्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. ती गुहागरकडची, वेळणेश्वरच्या पुढच्या खाडीतली, तिच्या माहेरी सगळे मचव्यावरचे. मासळी म्हणशील तर डोळे मिटून साफ करील, पण मोठ्याचं मटण महिन्यातून एकदा, तेही बोट्याच. लग्न झालं आणि कासम लगेच जहाजावर गेला. पहिल्यांदा परत यायचा होता त्या दिवशी बाबांनी पहाटेच जाऊन अंडरकट आणला, फळीवर ठेवला आणि हजामत करायला गेले. नवी सून उत्साहात. तिला वाटलं, सासऱ्यांनी मटण आणलंय, नवरा येतोय, आपण छान सालन करू. तिने ती अख्खी पट्टी कोयत्याने टकाटक तोडली आणि बटाटे घालून शिजवली. वर नारळाचं वाटण, अगदी माहेरच्या पद्धतीने.

मी त्या दिवशी सासरहून आले होते. दारातच सालनाचा वास आला आणि मी चपला न काढताच आत गेले. बाबा अर्धवट दाढी झालेल्या तोंडाने आत आले, टोपावरचं झाकण उचललं, बघितलं आणि परत ठेवलं. बाहेर ओसरीवर जाऊन बसले. हमीदा घाबरून मला विचारते, "आपा, मीठ जास्त झालं का?" मी तिला सांगितलं तेव्हा ती अशी काही रडायला लागली, की कासम मुंबईच्या एसटीतून उतरून घरात आला तो समोर रडणारी बायको, ओसरीवर अर्ध्या दाढीचा बाप आणि टोपभर बटाट्याचं सालन. तो म्हणाला, "कोण गेला?" मला हसू फुटलं. मग बाबांनाही. बाबांनी कासमच्या ताटात सालनातले तुकडे शोधून शोधून वाढले. ते मऊ होते ना, विरघळून निम्मे वाटणात गेले होते. कासम म्हणाला, "बाबा, बटाटा झकास झालाय." हमीदाने पुढे आयुष्यभर त्याचं ह्यावरून बोलणं सोसलं. "आज बटाट्याचा अंडरकट हाय का?" असं तो कधीही विचारी, अगदी भेंडी केली असली तरी.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तिला फळीपाशी बसवलं आणि आपला चाकू तिच्या हातात दिला. वरचा पापुद्रा कसा सोलायचा, धाग्याला आडवा काप कसा द्यायचा, तळहाताने एकदाच कसं दाबायचं, जास्त नाही. मीठ, मिरी, आलं-लसूण, सिरक्याचा शिंतोडा, आणि तवा तापून धूर निघेपर्यंत हात लावायचा नाही. ती शिकली. अशी शिकली, की बाबा पुढे म्हणायचे, गॅलीत हिला नेलं असतं तर मला कंपनीने घरी पाठवलं असतं.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या जन्माच्या खूप आधी तुझा बाप आणि बाबा भांडले. कासमला जहाज सोडून इथेच दुकान टाकायचं होतं, बाबांना ते पटेना. जोराचं वाजलं. कासम म्हणाला, "ह्या घराची पायरी चढणार नाय." जहाजावर गेला, परत आला तो मुंबईतच आपल्या गावच्या खलाशांच्या खोलीत उतरून राहिला. घरी चिठ्ठी नाही, चपाटी नाही. हमीदा इथे झुरते आहे. बाबा ओसरीवर बसून रोज चाकूला धार लावतायत, कापायला काही नाही तरी. शेवटी राजिवड्याचा एक सारंग मुंबईला निघाला, तर बाबांनी त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. मी ऐकलं काय म्हणाले ते. माफ केलं म्हणाले नाहीत, चुकलो म्हणाले नाहीत, बोलाव म्हणालेच नाहीत. म्हणाले, "कासम भेटला तर सांग, अंडरकट ठेवलाय." बस. आणि खरोखर ठेवला. हमीदा खाटकाकडून आणून सिरक्यात घालायची, नाही आला की शेजारच्या म्हाताऱ्याला द्यायची, परत आणायची. म्हातारा खुशीत होता, म्हणायचा कासमला सांगा सावकाश ये. आणि एका सकाळी कासम आला. पायरी चढला, हात धुऊन पाटावर बसला. हमीदाने तवा चढवला. बाबा त्याच्या समोर बसून त्याला खाताना बघत होते. भांडण कुठे गेलं, कोणी काढलं, आम्हाला कळलंच नाही. दुकानही झालं पुढे.

तर शानू, ह्या घरात अंडरकट ठेवलाय म्हणजे काय, ते आता तुला कळलं असेल. राग धरलेला माणूस ते बोलत नाही. राग संपलेला माणूस बोलतो.

तुला हे ठाऊक नाही ह्यात तुझा दोष थोडा, आमचा बराच. कासमने जहाज सोडलं, बाबा गेले, दर्या ओलांडून येणारं कोणी राहिलं नाही, नियमाला काम उरलं नाही. कायदा आला, बैलाचं बंद झालं, म्हशीचंच मिळू लागलं, दुकानं कमी झाली. आणि तू पुण्याला हॉस्टेलवर गेलीस. पहिल्या सुट्टीत आलीस ती आईला म्हणालीस, "अम्मी, डब्यात मोठ्याचं देऊ नकोस. विचारतात. आणि फोनवरसुद्धा त्याचं काही बोलू नकोस, रूममध्ये सगळ्या असतात." त्या दिवसापासून हमीदाने तुझ्यासमोर तो विषयच मिटवला. तू यायचीस तेव्हा कोंबडी, नाहीतर कोळंबी. मी एकदा म्हटलं, अगो, पोर शारजाहून येतेय, दर्या ओलांडून येतेय, तिचा हक्क आहे. तर म्हणाली, "नको आपा. तिला नको असेल ते तिच्या ताटात कशाला?" पण चाकू मात्र दर महिन्याला काढून पुसायची, तेल लावून ठेवायची.

मग तुझं न येणं सुरू झालं. ह्या ईदला येते, मग पुढल्या ईदला येते, मग सुट्टी नाही, मग तिकीट महाग. शेवटी ती चिडली. म्हणाली तुला, "आता येते म्हणून सांगू नकोस. आलीस की दिसशीलच." मला तिने ते स्वतःच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर भिंतीकडे बघत बसली. तुमचे फोन आखडले. खरं आहे, ती रागावली होती. मी कशाला खोटं सांगू.

पण मग तो फोन आठव. तू एकदा बोलता बोलता हसत म्हणालीस, तिथे आता तू शुक्रवारी स्टेक करून खातेस. मी शेजारीच बसले होते, स्पीकरवर होतीस. हमीदाने विचारलं, "कसलं ता?" तू म्हणालीस, "टेंडरलॉइन अम्मी, मॉलमध्ये मिळतं, पातळ प्लास्टिक लावलेलं. लांबट, एकदम मऊ, बिनहाडाचं. तुला नाही माहीत." हमीदा माझ्याकडे बघायला लागली. तिने हवेत हाताने आकार काढून दाखवला, एकीकडे जाड, एकीकडे निमुळता. मी मान हलवली. तू बोलतच होतीस आणि इथे आम्ही दोघी म्हाताऱ्या ओढणी तोंडात कोंबून हसतोय. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आपा, अंडरकटच की गो. पोरगी आजोबाचं खातेय आणि मला सांगते तुला नाही माहीत." त्या दिवशी तिचा चेहरा कितीतरी महिन्यांनी सैल झालेला मी बघितला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गुरुवार.

मातीवरून परतल्यावर खाटीक सलीम ओसरीवर आला. बाबांनी ज्याला तो काप शिकवला त्याचा हा नातू. उभा राहिला. मग म्हणाला, "आपा, भाभी सकाळीच येऊन गेली माझ्याकडे. एवढ्या वर्षांनी म्हणाली, सलीम, अंडरकट दे, अख्खा, कापू नको. मी मस्करीत विचारला, आता कोण येतंय जहाजावरून? तर म्हणाली, येईल." येईल म्हणाली, शानू. तू येते म्हणाली नव्हतीस, आणि तिने तुला विचारलंही नव्हतं. तिने आपलं ठेवायला घेतलं. घरी येऊन तो पापुद्रा सोलून, पुसून, पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवला. तांदूळ भिजत घातले, मला जेवायला बोलावून गेलीच होती. मग तुला फोन लावला आणि ते बोलली, जे तिच्या सासऱ्याने तिच्या नवऱ्याला कळवलं होतं. तुला मीटिंग होती, असू दे. तिला उत्तर नको होतं. ह्या निरोपाला उत्तर द्यायचं नसतं, यायचं असतं. ती हं म्हणाली ते राजी होऊन म्हणाली. मी तिला ओळखते. चाकू धुऊन, हात पुसून ती निवांत खुर्चीत टेकली होती गो... रागावलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. मी पहिली पोहोचले, मी बघितलाय.

तू सांगितलंस तशी मी घर आवरायला गेले. कपडे घडी केले, डबे पुसले. फ्रीजमधलं दूध, भाजी, लोणचं सगळं काढलं. मग फ्रीझर उघडला. ती पिशवी तिथेच आहे. आतला आकार बाहेरून दिसतो, एकीकडे जाड, एकीकडे निमुळता. वर तिने दोऱ्याची गाठ मारलीय, सुरगाठ, एका हाताने ओढली की सुटेल अशी. माझा हात स्विचवर होता. मी तो काढला नाही. काढणारही नाही. रोज एकदा जाऊन बघून येते. परवा लाईट गेली तर मी घरातल्या सगळ्या बाटल्यांत बर्फ भरून दोन गल्ल्या तुडवत गेले आणि त्या पिशवीभोवती रचल्या. रझिया म्हणाली, "आपा, मटण आहे ते." मी म्हटलं, मला ठाऊक आहे काय आहे ते.

आता सिरक्यात घालून शेजारच्या म्हाताऱ्याला द्यायची सोय नाही, तो म्हातारा कधीच गेला. आता शेजारची म्हातारी मीच, आणि दात मलाही नाहीत. पण मी त्याला हात लावणार नाही. तो दर्या ओलांडून येणाऱ्याचा आहे. चाकूला मी तेल लावून ठेवलंय. तळहाताने किती दाबायचं ते मला येतं, तिच्याइतकं नाही, पण बाबांनी तिला शिकवलं तेव्हा मी तिथेच उभी होते.

घर बंद करायचं ते तुझ्या हाताने कर, मी अडवणार नाही. पण आधी ये. कळवू नकोस, तारीख सांगू नकोस. पायरी चढ, हात धू आणि पाटावर बस. तवा तापायला कितीसा वेळ लागतो... ये गो शानू, लवकर ये.